वहीत आधी क्षमता लिहा

बारावीचा निकाल लागला की भिलाईतल्या मराठी घरांमध्ये फोन खणखणू लागतात. नागपूरची मावशी, गोंदियाचे काका, पुण्यात स्थायिक झालेली आत्या, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: “मग, पुढे काय ठरवलंय?” उत्तरही ठरलेले असते. “इंजिनीअरिंग करणार.” “नीट पुन्हा देणार.” “बँकेची तयारी.” “प्लांटची जाहिरात निघाली की फॉर्म भरायचा.” फोन ठेवला जातो. विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याचेही होते. पण ज्याच्याविषयी हे बोलणे झाले, त्या मुलाने उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्या उत्तरातून कळत नाही.

मोठ्यांचीही गत तीच. डिप्लोमा करून ठेकेदाराकडे लागलेला चोवीस वर्षांचा मुलगा म्हणतो, “कायम नोकरी हवी.” लग्न होऊन भंडाऱ्याहून इथे आलेली पदवीधर गृहिणी, मुले शाळेत रुळल्यावर म्हणते, “आता मलाही काहीतरी करायचंय.” इच्छा खरी असते, तळमळही खरी असते. त्या इच्छेपर्यंत पोहोचण्याची पायवाट तेवढी कुठे लिहिलेली नसते.

‘वैयक्तिक विकास योजना’ हे शब्द ऐकले की ऑफिसातला एखादा जाडजूड फॉर्म डोळ्यांसमोर येतो. घाबरू नका. शाळेच्या साध्या वहीची चार पाने त्यासाठी पुरतात. ती कशी भरायची, ते आजच्या सदरात पाहू. सुरुवात मात्र आपल्या गावापासून करू, कारण भिलाई हे शहरच मुळी एका योजनेतून उभे राहिले आहे.

भट्टी पेटण्याआधीची चार वर्षे

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे, म्हणजे झोतभट्टीचे, उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत नुसते खांब आणि यंत्रे उभी राहिली नाहीत. शेकडो भारतीय इंजिनीअर आणि तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. इथे रशियन तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून आपली माणसे काम शिकली. हळूहळू तज्ज्ञ परत गेले आणि काम आपल्या हातात आले. यंत्राची योजना आणि माणसाची योजना बरोबरीने चालली.

त्यानंतरचे टप्पे पाहा. पहिला टप्पा वर्षाला १० लाख टनांचा, तो १९६१ मध्ये पूर्ण झाला. १९६७ मध्ये २५ लाख टन. १९८८ मध्ये ४० लाख टन. पुढच्या मोठ्या विस्ताराचे लोकार्पण जून २०१८ मध्ये झाले. एकेकाळी आपल्या रेल्वेचा नेहमीचा रूळ १३ मीटरचा असे. आज इथून १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ बाहेर पडतो. कारखान्याची प्रगती मोजताना सगळे जण एकच शब्द वापरतात: क्षमता. ‘मोठा कारखाना व्हायचंय’ असे कुणी कागदावर लिहून ठेवले नव्हते. किती टन, कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या भट्टीतून, हे लिहिले होते.

आपण मात्र घरातल्या मुलांची प्रगती पदात मोजतो. आधीच्या पिढीचे त्यावर भागले. विदर्भातून रेल्वेने इथे आलेल्या आजोबांना प्लांटमध्ये नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाले, मुलांना कंपनीची शाळा मिळाली, आजारपणाला सेक्टर ९ चे हॉस्पिटल होते. एका पदात सगळे आयुष्य मावले. पण पुढे कारखान्याची क्षमता वाढत गेली आणि कायम नोकऱ्या मात्र कमी होत गेल्या. आज बाबा साठीला निवृत्त होतात, क्वार्टर सोडायची वेळ येते, आणि नेमके तेव्हाच धाकट्याचे शिक्षण अर्धवट असते. भिलाईतल्या कितीतरी घरांना हे गणित परिचयाचे आहे. म्हणूनच ‘पुढे काय’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे आता परवडणारे नाही.

पदाचे वाक्य बदलून पाहा

पद आपल्या हातात नसते. जागा किती निघतील, कट-ऑफ किती लागेल, जाहिरात कधी येईल, हे दुसरीकडे ठरते. क्षमता मात्र आपल्या हातात असते, आणि एकदा कमावली की ती कुणी काढून घेत नाही. म्हणून योजनेतले पहिले काम म्हणजे पदाचे वाक्य क्षमतेच्या वाक्यात बदलणे.

“मला आयआयटीत जायचंय” हे पदाचे वाक्य झाले. “डिसेंबरपर्यंत अकरावीच्या भौतिकशास्त्रातली यांत्रिकीची उदाहरणे मी उत्तर न बघता सोडवू शकेन” हे क्षमतेचे.

“सरकारी नोकरी हवी” हे पदाचे. “सहा महिन्यांत मी तासाभरात शंभर प्रश्नांचा सराव संच सोडवून त्यातल्या चुकांची यादी स्वतः काढू शकेन” हे क्षमतेचे.

“घरबसल्या काहीतरी करायचंय” हे इच्छेचे. “दिवाळीपर्यंत मी एका छोट्या दुकानाचे महिन्याचे हिशेब संगणकावर ठेवून जीएसटीच्या विवरणाची तयारी करू शकेन” हे क्षमतेचे.

क्षमतेच्या वाक्यात तीन गोष्टी असतात: काय करता येईल, कधीपर्यंत, आणि ते आले हे कसे कळेल. यातली एक जरी नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

क्षमता माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पंडवानीच्या गायिका तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. शाळेचा आधार नव्हता. आजोळच्या आजोबांकडून महाभारताच्या कथा ऐकत त्या गाणे शिकल्या. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात दहा रुपये बिदागीवर पहिला कार्यक्रम केला. तेव्हा बायका बसून गात आणि उभ्याने गायची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाई उभ्या राहिल्या. पुढे त्यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली, देशोदेशी कार्यक्रम झाले आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. यातले कोणतेही पद त्यांच्या लहानपणी कुणी कागदावर लिहिले असते, तर लोक हसले असते. आधी आली ती कला, वर्षानुवर्षांच्या रियाजाने. पदे मागून आली.

आता वही उघडू.

पान पहिले: आजची शिल्लक

किराणा भरायला जाण्याआधी आपण डबे उघडून पाहतो. इथेही तेच करायचे. पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘मला येते’, उजवीकडे ‘मला अडते’. मात्र प्रत्येक ओळीला पुरावा हवा. “गणित चांगले आहे” असे लिहू नका. “मागच्या तीन चाचण्यांत बीजगणित बरे, भूमितीत दर वेळी गुण गेले” असे लिहा. “इंग्रजी कच्चे” याऐवजी “वाचलेले समजते, पण मुलाखतीत दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही” असे लिहा.

डावीकडच्या भागात आपण सहज विसरतो अशी एक गोष्ट आहे: भाषा. भिलाईच्या मराठी घरातले मूल घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, आणि बाजारात छत्तीसगढीही बोलते. चार भाषांत वावरणारे हे मूल स्वतःला ‘भाषेत कच्चे’ समजते! पुण्या-नागपूरच्या नोकरीत, ग्राहकांशी बोलण्याच्या कामात, अनुवादात, शिक्षकी पेशात ही मोठी शिल्लक आहे. फक्त मराठी लिहिता-वाचता यायला हवे. नुसते बोलता येणे पुरत नाही.

हे पान स्वतः भरा आणि मग घराबाहेरच्या एका माणसाला दाखवा. वर्गशिक्षिका, जुने सर, कामावरचा एखादा वरिष्ठ सहकारी, कुणीही चालेल. घरची माणसे एक तर फार कौतुक करतात, नाही तर फार टोचतात.

पान दुसरे: तीनच क्षमता

या पानावर पुढच्या बारा महिन्यांसाठी फक्त तीन क्षमता लिहायच्या. एक मुख्य विषयाची किंवा कामाची. एक कुठेही उपयोगी पडेल अशी, जसे इंग्रजी बोलणे, संगणकावर तक्ते करणे, नीटनेटका अहवाल लिहिणे. तिसरी शरीर-मनाची: झोप, व्यायाम, मोबाइलवरचा ताबा. तिसरी पाहून हसू नका. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलाची पहिली क्षमता तिसऱ्यावरच अडलेली असते.

तीनपेक्षा जास्त लिहिल्या की वही शोभेची होते. कारखान्यातही सगळ्या भट्ट्या एकाच दिवशी बांधल्या गेल्या नाहीत.

प्रत्येक क्षमतेपुढे ‘कुणाकडून शिकणार’ हे लिहा. आपल्या परिसरात शिकायची ठिकाणे भरपूर आहेत. शासकीय आयटीआय आणि पॉलिटेक्निक, दुर्गचे सायन्स कॉलेज, १९८६ पासून चालणारे भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ, आणि २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी भिलाई. आयआयटीचे वर्ग आधी रायपूरला भरत. दुर्गजवळच्या कुटेलाभाठा इथल्या कायमच्या परिसराचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. ज्यांना वर्गात जाणे जमत नाही त्यांच्यासाठी एनपीटीईएल आणि स्वयम् या सरकारी मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर. इग्नूचे अभ्यासक्रम आहेतच. नोकरी सांभाळून बी.टेक. करू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळ्या वेळेच्या तुकड्यांनाही अलीकडच्या काळात परवानगी मिळाली आहे. जवळच्या कोणत्या कॉलेजात अशी तुकडी आहे, याची चौकशी मात्र स्वतः जाऊन करा.

पान तिसरे: वेळ, पैसा आणि कागदपत्रे

सगळ्यात जास्त योजना कोसळतात त्या या पानाअभावी.

आधी वेळ. “रोज चार तास अभ्यास” ही ओळ आपल्या गावात फसवी ठरते, कारण अर्धे गाव पाळ्यांवर चालते. सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, रात्री दहा ते सकाळी सहा. पाळी बदलली की झोप बदलते, जेवण बदलते, घराचा आवाजही बदलतो. म्हणून पाळीवर जाणाऱ्याने एक वेळापत्रक न करता तीन करावीत. सकाळपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचे दोन तास. दुपारपाळीत सकाळचे दोन तास, हा सर्वांत चांगला आठवडा, म्हणून अवघड विषय इथे ठेवा. रात्रपाळीत नवे काही शिकायचे नाही, फक्त अर्धा तास उजळणी आणि भरपूर झोप. आठवड्याचे तास कमी-जास्त होतील, पण महिन्याची बेरीज जमेल. घरात बाबा रात्रपाळी करून झोपलेले असताना मुलांनी कुठे अभ्यास करायचा, हेही याच पानावर ठरवा. वाचनालय, मित्राचे घर, नाही तर मागची खोली.

मग पैसा. शिकवणीची फी सर्वांना दिसते. बाहेरगावी राहण्याचा खर्च, प्रवास, परीक्षांची शुल्के, लॅपटॉप, एक वर्ष वाया गेले तर त्या वर्षाचा खर्च, हे कुणी मांडत नाही. ते मांडा, आणि त्याच्या शेजारी बाबांच्या निवृत्तीचे वर्ष लिहा. सहसा बँका साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला मालमत्ता तारण मागत नाहीत. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीला हात लावण्याआधी किंवा मामांकडून उसने घेण्याआधी बँकेत विचारून या. मुलांपासून हा हिशेब लपवू नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आकडे समजतात. लपवलेल्या काळजीचे ओझे त्याला जास्त जड जाते.

आणि कागदपत्रे. इथल्या मराठी कुटुंबांची इथे हमखास गफलत होते. आपली मुळे महाराष्ट्रात, म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यातल्या जागा आपल्याला मिळतील, असे अनेकांना वाटते. एनआयटीच्या प्रवेशात ‘स्वतःचे राज्य’ ठरते ते बारावीची परीक्षा जिथून उत्तीर्ण झालात त्यावरून. भिलाईत बारावी केलेल्या मुलाला गृहराज्याचा लाभ रायपूरच्या एनआयटीत मिळतो. आजोळ नागपुरात असले, तरी नागपूरच्या व्हीएनआयटीत तो बाहेरच्या राज्याचा धरला जातो. उलट, शिकवणीसाठी मुलाला अकरावी-बारावीला दुसऱ्या राज्यात पाठवले आणि परीक्षाही तिथूनच दिली, तर त्याचे राज्य बदलते. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यालाही अधिवास आणि दहावी-बारावी कुठून केली, याच्या अटी असतात. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावे. दुसऱ्या राज्यातून स्थलांतर केलेल्यांना नव्या राज्याच्या कोट्यातले आरक्षण सहसा मिळत नाही. केंद्रीय संस्थांमध्ये मूळ राज्याचे प्रमाणपत्र चालते. हे सगळे अकरावीच्या प्रवेशाआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. प्रवेशाच्या रांगेत कळले तर फार उशीर झालेला असतो.

पान चौथे: दुसरी वाट आणि तिची तारीख

“प्लॅन बी ठेवलास म्हणजे तुझा स्वतःवर विश्वास नाही,” असे मुलांना सुनावणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नका. रेल्वेतही मुख्य मार्गाच्या शेजारी लूप लाइन असते. गाडी तिथे थांबते, वाट देते आणि पुन्हा मुख्य मार्गाला लागते. लूप लाइनवर गेलेली गाडी काही रद्द झालेली नसते.

दुसरी वाट लिहिताना तिला तारीख द्या. “नाही जमले तर बघू” ही वाट नव्हे. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते. अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. तेव्हा असे लिहा: “जानेवारीच्या निकालात अमुक गुणांच्या खाली राहिलो, तर फेब्रुवारीत राज्याच्या पीईटीची आणि सीयूईटीची तयारी सुरू. बी.एस्सी.साठी दुर्गचे सायन्स कॉलेज, किंवा बारावीनंतर ऑनलाइन सुरू करता येणारी आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी.” आधी शांत डोक्याने लिहिलेली ही तीन ओळींची नोंद निकालाच्या दिवशी आख्ख्या घराला सावरून धरते. त्या दिवशी काहीच ठरवावे लागत नाही. वही उघडायची आणि पुढच्या ओळीवर जायचे.

पुन्हा एक वर्ष द्यायचे की नाही, हा प्रश्नही याच पानावर. स्वतःला एवढेच विचारा: मागच्या वर्षी कमी पडली ती क्षमता कोणती, आणि या वर्षी ती कमावण्यासाठी मी वेगळे काय करणार? उत्तर लिहिता आले तर वर्ष द्या. “जास्त मेहनत करीन” एवढेच सुचत असेल, तर त्याच वर्षात पदवीला प्रवेश घेऊन परीक्षा सोबत देणे बरे.

चार पाने भरल्यावर कशी दिसतात?

समजा, सुपेल्यात राहणारा मेकॅनिकलचा एक डिप्लोमाधारक आहे. वय चोवीस, ठेकेदाराकडे दुरुस्तीच्या कामावर, पाळ्या बदलत्या. त्याचे पदाचे वाक्य: “सेलमध्ये टेक्निशियन व्हायचंय.”

पहिल्या पानावर तो लिहितो: पंप आणि गिअरबॉक्स खोलून बसवता येतो, हे वरिष्ठ फिटर सांगतील. नकाशा वाचताना अडतो. डिप्लोमाचे विषय विसरलेत. सुरक्षेचे नियम पाठ आहेत, पण कामाचा अहवाल लिहिता येत नाही.

दुसऱ्या पानावर तीन क्षमता. एक, दहा महिन्यांत डिप्लोमाच्या चार मुख्य विषयांचे मागच्या परीक्षांमधले प्रश्न सोडवता येणे. दोन, रोजच्या कामाची नोंद दहा ओळींत नीट लिहिता येणे. तीन, रात्रपाळीच्या आठवड्यात सात तास झोप.

तिसऱ्या पानावर तीन पाळ्यांची तीन वेळापत्रके, महिन्याला बाजूला टाकायची रक्कम आणि कागदांची यादी: गुणपत्रके, अनुभवाचे पत्र, अधिवास. भरतीला वयाची मर्यादा असते, म्हणून आपल्या हातात किती वर्षे उरलीत तेही इथेच, ठळक अक्षरांत.

चौथ्या पानावर दुसऱ्या वाटा. एक, डिप्लोमाच्या आधारे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन, न फोडता तपासणी करण्याचे, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंगसारख्या कामाचे, दुसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र. पोलाद, रेल्वे, वीजनिर्मिती, सगळीकडे वेल्डिंग आणि धातूतल्या न दिसणाऱ्या भेगा शोधणारी माणसे लागतात. त्यासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण आणि अनुभव लागतो. अनुभव तर तो आजही घेतोच आहे, फक्त त्याची नोंद ठेवत नाही.

वर्षअखेर सेलची जाहिरात आली नाही असे समजू. पदाच्या वाक्यावर जगणाऱ्याचे वर्ष वाया गेले. याच्याकडे मात्र चार विषय पक्के झालेत, अहवाल लिहिता येतो, अनुभवाची वही भरली आहे. तो दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला बसू शकतो.

आता ती भंडाऱ्याची गृहिणी. बी.कॉम. होऊन चौदा वर्षे झाली. तिच्या पहिल्या पानाची डावी बाजू कोरी राहते, कारण घर चालवणे ही शिल्लक आहे असे तिला वाटतच नाही. महिन्याचे बजेट, सासूबाईंच्या औषधपाण्याचे वेळापत्रक, शाळा, बँक, भिशीचा चोख हिशेब, हे सगळे तिने लिहायला हवे. तिची वेळ आठवड्याला सहा तास, तीही तुकड्यांत. तर सहा तासांचीच योजना करावी. पहिले चार महिने हिशेबाचे सॉफ्टवेअर, पुढचे चार महिने सिव्हिक सेंटर किंवा सुपेल्यातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानाचे हिशेब प्रत्यक्ष सांभाळणे, शेवटचे चार महिने मोबदला ठरवून दोन दुकाने. तिच्या तिसऱ्या पानावर एक जादा ओळ असते: या सहा तासांत घरातले कोणते काम कोण करणार. ती ओळ घरातल्या बाकीच्यांनी भरून खाली सही करावी. त्या सहीशिवाय तिची योजना दुसऱ्या आठवड्यातच पोळपाटाखाली जाते.

वहीची डागडुजी

भट्टी कितीही चांगली असली तरी ठरावीक काळाने तिची दुरुस्ती करावी लागते. वहीचेही तसेच. दर रविवारी दहा मिनिटे: या आठवड्यात काय झाले, काय राहिले, का राहिले. पाळी संपताना लॉगबुकात नोंद करतात तशी, सबबींशिवाय, दोन-तीन ओळींत. दर तीन महिन्यांनी तासभर: तीन क्षमतांपैकी कोणती पुढे सरकली? एखादी जागची हलली नसेल तर आधी वेळापत्रक बदला, मग शिकण्याची पद्धत, मग शिकवणारा. ध्येय सर्वांत शेवटी. आणि वर्षातून एकदा सगळी वही नव्याने लिहा, कारण वर्षभरात माणूसही बदललेला असतो.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. वही मुलाच्या हाताने लिहिलेली असू द्या. तुमच्या अक्षरातली योजना तुमचीच राहते. आणि रविवारच्या त्या दहा मिनिटांत “किती मार्क मिळाले?” याऐवजी “या आठवड्यात नवीन काय जमलं?” असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल आकडा सांगून निघून जाते. दुसऱ्या प्रश्नाला ते बसून बोलते. कधी कधी “काहीच जमलं नाही” असेही सांगते. त्या वेळी उपदेश आवरा आणि चहा टाका. सलग तीन-चार रविवार तेच उत्तर येत असेल, मूल जेवत-झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या. कोणतीही परीक्षा मुलापेक्षा मोठी नाही.

या रविवारी एक वही काढा. चारही पाने एका बैठकीत भरण्याचा आग्रह नको. पहिल्या रविवारी फक्त शिल्लक, दुसऱ्या रविवारी तीन क्षमता, तिसऱ्याला वेळ-पैसा-कागद, चौथ्याला दुसरी वाट. महिन्याभरात योजना तयार होईल. मग नागपूरच्या मावशीचा फोन आला आणि तिने विचारले, “पुढे काय ठरवलंय?” तर एका शब्दाऐवजी मुलगा स्वतःच सांगेल की डिसेंबरपर्यंत त्याला काय यायला लागेल. मावशीला ते कदाचित लगेच उमगणार नाही. त्याला उमगलेले असेल, एवढे पुरे.